पकड कुणाची

कवठे येमाईत हौसआबांची ओळख करून देताना कुणी त्यांच्या अठरा एकरांपासून सुरुवात करत नाही, आणि सोसायटीचे ते दोनदा संचालक होते हेही सांगत नाही. पाहुणा नवा असला की पारावरचा कुणीतरी हमखास म्हणतो, "ह्ये आपले हौसआबा. दौंडची पकड ह्यांचीच." मग पाहुण्याला कबड्डीतलं काही कळो न कळो, त्याला ती पकड ऐकावीच लागते. आबा शेजारीच बसलेले असतात, आपल्याला काही ऐकूच येत नाही असा चेहरा करून मिशीवरून हात फिरवत. सांगणाऱ्याचं एखादं वाक्य चुकलं तर मात्र त्यांना लगेच ऐकू येतं.

पकड अशी. पस्तीस वर्षांपूर्वी दौंडच्या रेल्वे मैदानावर अंतिम सामना. कवठे एका गुणानं पुढं. शेवटची चढाई, आणि दौंडचा गडी आपल्या दोघांना शिवून परत निघालेला. मधली रेषा त्यानं गाठली की सामना गेला. तो डावीकडून निसटणार, एवढ्यात एकाएकी उजवीकडं वळला, आणि हौसरावानं झेप घेऊन त्याचा घोटा असा धरला की गडी रेषेच्या वीतभर अलीकडं आडवा. दुसऱ्या दिवशी गावात मिरवणूक निघाली. हौसरावाला खांद्यावर घेतलं, फेटा बांधला, दोन शब्द बोलायला लावले, आणि हौसराव दोनच शब्द बोलले, "म्या धरला." शाळेमागच्या मैदानाच्या भिंतीवर पेंटरनं हातभर अक्षरांत लिहिलं, "दौंड विजेते. विजयी पकड : हौसराव." त्या भिंतीला तीनदा नवा रंग लागला, पण दरवेळी ती अक्षरं पुन्हा लिहिली गेली.

ह्याच भिंतीखाली आबा बावीस वर्षं गावातल्या मुलींना कबड्डी शिकवत आले. त्यांच्याकडं एक शिट्टी, कधीच कुणाला न लागलेली एक काठी, आणि मैदानाच्या ह्या टोकाला ओरडले तर त्या टोकाच्या म्हशी उठून उभ्या राहतील असा आवाज. मुली त्यांना अजिबात भीत नसत.

यंदा मात्र मुली उरल्या सहा. दोघी शिकायला पुण्याला गेल्या, एक नर्सिंगला गेली, एकीचं लग्न झालं. कबड्डीला सात लागतात. सातवीसाठी आबा घरोघर फिरले, अगदी चुलत भावाच्या सुनेलाही विचारून आले, तिला दोन लेकरं. ती हसत आत गेली आणि चहा घेऊनच बाहेर आली. आबांना एवढं हताश झालेलं त्यांच्या कारभारणीनं, सरूबाईंनी, कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा सारिका मॅडम घरी आल्या. ज्युनिअर कॉलेजच्या खेळाच्या शिक्षिका, माहेर दौंडचं. हातात एक पिशवी.

"आबा, पाच जणींचा एक खेळ आहे," त्या म्हणाल्या. "फ्लॅग फुटबॉल. जानेवारीत दौंडला स्पर्धा आहे, तिथून जिल्ह्याच्या शिबिराला मुली घेणार आहेत. फेकायचं झेलायचं मी शिकवते. अडवायचं तुम्ही शिकवा."

अमेरिकेत अंगावर आदळून एकमेकांची हाडं खिळखिळी करण्याचा जो फुटबॉल खेळतात, त्याचंच हे सभ्य रूप. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, म्हणून मुली पहिल्या दिवसापासून त्याला पपईच म्हणू लागल्या. एका बाजूची एक मुलगी पपई घेऊन मागं उभी राहते, ती फेकणारी. तिच्या चौघी पुढं पळत सुटतात, आणि जी मोकळी दिसेल तिला ती फेकते, तेही सात सेकंदांच्या आत. झेलणारीनं पळत शेवटची रेषा गाठली की सहा गुण, आणि वर एक-दोन जादा गुण मिळवायची संधी. चार प्रयत्नांत जमलं नाही तर चेंडू समोरच्यांचा. प्रत्येकीच्या कमरेच्या पट्ट्याला दोन झेंडे लटकत असतात, आणि अडवणाऱ्या पाच जणींनी त्यातला एक खेचला की ती पकडली गेली. फेकणारीच्या हातून चेंडू सुटायच्या आधी तिचाच झेंडा खेचला तर सगळ्यांत उत्तम. मात्र तिच्यावर धावून जाणारीनं सात वार लांबून निघायचं.

"पाडायचं न्हाई?" आबांनी विचारलं.

"नाही."

"धरायचं बी न्हाई?"

"झेंडा धरायचा."

आबांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि परत पिशवीत ठेवला. दोन दिवस ते मैदानाकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले, कारण घरात बसून बसून त्यांनी सरूबाईंना स्वयंपाक शिकवायला सुरुवात केली होती आणि सरूबाईंनीच त्यांच्या हातात शिट्टी दिली.

सहा जणींत तिघी नजरेत भरणाऱ्या. करिश्माचा हात लांब, ती फेकणारी. वैष्णवी ही आबांची नात, अकरावीला. वाऱ्यासारखी पळणारी आणि पळताना आपल्याला कोण कोण बघतंय ह्याचा हिशेब ठेवणारी. ती आबांवरच गेली होती. आणि बारावीतली करुणा, संपतची नात. ती इतकी गप्प की हजेरी घेताना आबा तिचं नाव दोनदा घेत.

संपत म्हणजे आबांचा बांधाला बांध असलेला शेजारी. झेंडू आणि कांदा करणारा. दौंडच्या त्या संघात तोही होता, डाव्या अंगाला अडवणारा, कव्हर. त्या मिरवणुकीनंतर तो मैदानावर परत कधी आलाच नाही. "शेतातनं सवड न्हाई," म्हणायचा, आणि आबांना ते पटायचं. काही माणसांचा जीव शेतातच असतो. दोघं रोज भेटत, लाईट कधी येणार आणि मोटर कुणाची जळली ह्यावर बोलत. पूर्वी हौश्या म्हणणारा संपत आता हौसराव म्हणतो, हेही आबांना कधी टोचलं नव्हतं. आबांना फारसं काही टोचत नसे, हा त्यांचा गुणही होता आणि तोच त्यांचा दोषही.

पहिला सराव सामना पाबळच्या मुलींशी झाला. पपई फेकणारीच्या हातात आली मात्र, कवठ्याच्या पाचही जणी तिच्यावर तुटून पडल्या. बावीस वर्षांची शिकवणच तशी होती. चढाईवाला दिसला की साखळी करायची आणि सगळ्यांनी मिळून त्याला घेरायचा. पाबळची फेकणारी घाबरली आणि तिनं डोळे मिटून चेंडू भिरकावला. तो जिथं गेला तिथं तिच्या चौघी मैत्रिणी आरामात उभ्या होत्या, आजूबाजूला चिटपाखरू नाही. कुणी झेलावा एवढाच काय तो त्यांचा प्रश्न. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच. अडतीस-शून्य.

"पाचीच्या पाची एकीच्या मागं लागल्या," सारिका मॅडम म्हणाल्या.

"मग दुसऱ्या कुणाच्या लागायचं? चेंडू तिच्याकडं व्हता," आबा म्हणाले. पण चूक त्यांच्या ध्यानात आली होती, आणि चूक ध्यानात आली की आबा दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहतात. पुढच्या आठवड्यात त्यांनी फर्मान काढलं, "कुनीबी म्होरं जायचं न्हाई. एकीनं एक धरायची आन् तिच्या सावलीवानी ऱ्हायचं."

मुली सावलीसारख्या राहिल्या. पाबळची फेकणारी मात्र पपई हातात घेऊन जत्रेतला पाळणा बघत उभं राहावं तशी निवांत उभी राहिली. तीन सेकंद झाले, चार झाले, पाच झाले. पळून पळून करुणाखेरीज सगळ्यांच्या सावल्या लांब पडल्या, आणि सहाव्या सेकंदाला कुणीतरी मोकळी झालीच. सव्वीस-शून्य. शून्य कायम होतं.

घरी आल्यावर आबा चुलीपाशी बसून बोटांवर सेकंद मोजू लागले. "सरू, सात सेकंद येखाद्याच्या मागं पळून दावशील?"

"म्या चाळीस वर्सं पळतीया," सरूबाई म्हणाल्या आणि चहात साखर टाकली.

त्याच चहाच्या वेळी कालवडीनं दावं तोडलं आणि ती थेट संपतच्या झेंडूत घुसली. ऐन तोडणीला आलेला झेंडू. आबा चहा टाकून धावले. कालवड पुढं, आबा मागं, असे दोन वेढे झाले. कुंपणाला एकच खिंडार होतं, रस्त्याकडचं. त्यातून ती निसटली असती तर शिरूरपर्यंत आबांनाच तिच्यामागं जावं लागलं असतं. सरूबाई पळाल्या नाहीत. पदर खोचून त्या चालत गेल्या आणि खिंडारात उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून. कालवड तिकडंच सुसाट निघाली होती. सरूबाईंना पाहून ती अर्धा श्वास थबकली, वळली, आणि तेवढ्यात आबांनी तिचं दावं धरलं.

"धरली का न्हाई?" आबा धापा टाकत म्हणाले.

"धरली तुम्हीच," सरूबाई म्हणाल्या. "पन ती वळली कुनामुळं?" आणि त्या आधण उतू जाईल म्हणून घराकडं निघून गेल्या.

आबा दावं धरून झेंडूत उभे राहिले. आधी त्यांच्या डोक्यात मैदान उभं राहिलं. मागं लागणारा असेल तरच खिंडार धरणाऱ्याला पळावं लागत नाही, आणि खिंडार धरणारा असेल तरच मागं लागणाऱ्याला गाठायला वेळ मिळतो. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी कालवडीच्या पाठीवर थाप मारली.

मग त्या आनंदाच्या मागून दुसरं काहीतरी आलं. दौंडचा गडी डावीकडून निसटणार, एवढ्यात एकाएकी उजवीकडं वळला. पस्तीस वर्षं हा 'एकाएकी' गोष्टीत होता. पारावर हजारदा सांगून झाली असेल ती गोष्ट, पण समोर रेषा दिसत असताना माणूस एकाएकी कशाला वळेल, हे ना कुणी विचारलं, ना आबांना सुचलं. आता त्यांना डावी बाजू दिसली. तिथं कुणीतरी हात पसरून उभं होतं. एक पाय बाजूच्या रेषेला लावून, गड्याला न शिवता, त्याची वाट अडवून.

संपत होता तो.

आबांना एकदम मोठी शरम वाटली. त्याच पावली ते बांधावर गेले. संपत कांद्याच्या रोपांच्या जुड्या बांधत बसला होता.

"कालवड घुसली व्हती तुझ्या झेंडूत," आबा म्हणाले.

"बघितलं. चार झाडं मोडली, जाऊ द्या." संपतनं वर पाहिलं. "आनखी काय काम व्हतं का, हौसराव?"

आबा त्या पकडीचं सांगायला आले होते. चढाईवाल्यावर झेप घेणारा माणूस, पण हे बोलायला त्यांना जमेना. "न्हाई," ते म्हणाले, "लाईट कवा येनार ते इचारायला आलतो."

दुसऱ्या दिवसापासून मैदानावर नवीनच काम सुरू झालं. धावून जाणार एकटी वैष्णवी. बाकी चौघींनी मैदानाचे चार वाफे करून घ्यायचे. आपल्या वाफ्यात जी येईल ती आपली, वाफा सोडून गेली की शेजारणीची.

"चौघीत वाफे पुरतील का, आबा?" सारिका मॅडमनी विचारलं. "वैष्णवी गेली की तिच्या मागची जागा रिकामी पडते. समोरची तिथंच फेकणार."

"फेकू द्या की. ती जागा वैष्णवीच्या डोक्यावरनंच दिसतीया. ही हात वर करून पळाली म्हंजी तिथं चेंडू जाईल कसा?"

"हे मला प्रशिक्षणात तीन दिवस शिकवत होते," मॅडम म्हणाल्या.

सगळ्यांत लांबचा, डाव्या अंगाचा वाफा करुणाचा. समोरची सगळ्यांत चपळ मुलगी नेहमी तिकडंच पळते. आबा मोठ्यानं मोजत, "एक, दोन, तीन," आणि तीनच्या आत वैष्णवीनं फेकणारीपाशी पोचायचं. "करुणा, तुला सात सेकंद धरायचं न्हाई. तीनच. तीन झाले की वैष्णवी पोचली. आन् वैष्णवी, तू पोचशील कवा? फेकनारीला फेकायला कुनी गावलं न्हाई तवा. तिनं करुणाकडं बघितलं, तिथं कुलूप दिसलं, दुसरीकडं बघाया मान वळवली, त्योच तुझा सेकंद." मुली ऐकत होत्या. "ह्ये मला तुमच्या वयात कुनी सांगितलं न्हाई," आबा म्हणाले, आणि विनाकारण शिट्टी वाजवली.

पुढच्या सामन्यात पाबळला फक्त सहा गुण मिळाले. वैष्णवीनं फेकणारीचे चार झेंडे खेचले आणि गावात मिरवत आणले. पारावर तिचं कौतुक झालं. "आजाची नात," लोक म्हणाले, आणि आबांनी मिशीवरून हात फिरवायला उचलला तो तसाच खाली ठेवला.

दौंडला जायच्या दिवशी सकाळी क्रूझर गाडी निघायला आणि संपत यायला एकच गाठ पडली. हातात उकडलेल्या शेंगांची पिशवी. कांद्याच्या ऐन लागणीत संपत गाव सोडतोय म्हटल्यावर ड्रायव्हरनंसुद्धा मागं वळून पाहिलं.

"नातीला बघाया येतुया," संपत म्हणाला. "तिची बारावी. पुन्हा कवा खेळल न खेळल."

आबांनी सरकून त्याला शेजारी जागा दिली. न्हावरा फाटा गेला, भीमेचा पूल गेला, दोघं शेंगा खात राहिले. आबांनी तीनदा बोलायला तोंड उघडलं आणि तीनदा त्यात शेंग टाकली.

मैदान तेच होतं, रेल्वेचं. कडुलिंब वाढले होते एवढंच. मॅडमनी आबांना कोपऱ्यात बोलावून सांगितलं, "आबा, प्रत्येक संघानं शिबिरासाठी दोनच नावं द्यायची. फेकण्या-झेलण्यातलं एक, ते मी करिश्माचं देते. अडवण्यातलं एक तुम्ही द्या. ज्यांची नावं जातील त्यांनाच पुण्याला बोलावणार, बाकी कुणाला नाही."

वैष्णवीनं हे ऐकलं आणि बुटाची नाडी परत घट्ट बांधली. करुणानंही ऐकलं, आणि ती आजोबांच्या पिशवीत शेंगा उरल्यात का ते बघायला गेली. तिला विचारायचीच गरज वाटली नाही. ती अशी निमूट गेलेली आबांनी पाहिली.

दुपारपर्यंत कवठ्यानं दोन सामने जिंकले. वैष्णवीनं तर कहर केला. लोक टाळ्या वाजवत, ती खेचलेला झेंडा डोक्यावर नाचवत परत येई. अंतिम सामन्याला समोर दौंडच. उन्हं कलली तेव्हा कवठे तेरा, दौंड बारा, दौंडचा शेवटचा प्रयत्न, आणि शेवटची रेषा फक्त आठ वारांवर.

पपई फेकणारीच्या हातात गेली. वैष्णवी सुटली. दौंडची सगळ्यांत चपळ मुलगी, दोन वेण्यांची, डावीकडं पळाली, आणि करुणा तिच्याबरोबर. आबांनी मोजायला सुरुवात केली, आणि यंदा पहिल्यांदाच त्यांनी चेंडूकडं पाहिलं नाही. त्यांनी करुणाकडं पाहिलं. वेणीवाली आत घुसली, करुणा आत. वेणीवाली एकदम थांबून बाहेर फिरली, करुणा बाहेर. तिला हात लावला नाही, तिच्या झेंड्याकडं बघितलंही नाही. फक्त ती आणि चेंडू ह्यांच्या मधे राहिली. फेकणारीनं हात वर केला, डावीकडं पाहिलं आणि हात थांबला. अर्धा श्वास. तिनं मान उजवीकडं वळवली.

"तीन," आबा म्हणाले, आणि वैष्णवीनं झेंडा खेचला.

मग जे व्हायचं ते झालं. हलगी कुठून आली कुणास ठाऊक, सगळ्यांनी वैष्णवीला उचललं, मॅडमसुद्धा नाचल्या. मैदानाच्या लांबच्या टोकाला करुणा गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती, तिच्या शेजारी ती दोन वेण्यांची मुलगीही तशीच, आणि दोघी कशालातरी हसत होत्या. तिकडं एकटा संपत बघत होता. आता एक आबाही.

टेबलावर महेंद्र सर म्हणून गुणलेखक होते, नीटनेटका माणूस. "आबा, बचावातलं नाव वैष्णवी लिहितो," ते म्हणाले. "दिवसभरात अकरा झेंडे. नातच ना तुमची?"

"नात हाय. पन नाव करुणाचं लिवा."

महेंद्र सरांनी कागद चाळले. "तिच्यापुढं शून्य आहे. एकही झेंडा नाही."

"झेंडा सोडा. दिवसभरात तिच्या वाफ्यात चेंडू किती येळा फेकला, त्ये बघा."

सरांनी पेन्सिलीनं एकेक ओळ तपासली. मग परत पहिल्यापासून तपासली. "दोनदा," ते म्हणाले. "दोन्ही वेळा खाली पडला." त्यांनी मान वर करून करुणाला शोधलं. "तिकडं कुणी फेकलंच नाही की."

"तेच म्हंतोय," आबा म्हणाले.

वैष्णवी मागंच उभी होती. तिनं पाय आपटला आणि निघून गेली. आबांना वाईट वाटलं, कारण ती पळाली छानच होती आणि ती त्यांची लाडकी होती. पण लिहिलेलं नाव त्यांनी बदलायला सांगितलं नाही.

बक्षिसाच्या वेळी माइकवाल्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं. "ह्याच मैदानावर पस्तीस वर्षांपूर्वी गाजलेली पकड करणारे हौसआबा आपल्यात आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत." आबा उठले. माइक त्यांच्या आवाजाला लागत नव्हता, तरी त्यांनी तो हातात धरला.

"ती पकड माज्या नावावर हाय," ते म्हणाले. "गावात भिंतीवर लिवलीया. पन तो गडी डाव्या अंगानं चालला व्हता. रेषा त्याला दिसत व्हती. तिथं संपत आडवा हुबा ऱ्हायला म्हनून तो वळला, आन् वळला म्हनून मला घावला. संपतनं त्याच्या अंगाला हात बी लावला न्हाई, म्हनून त्याच्या नावावर काय लागलं न्हाई. म्या पस्तीस वर्सं फेटा बांधून फिरलो. आता पोरींना शिकवताना समजलं. संपत हितंच बसलाय, शेंगा खातुया."

सगळ्यांनी वळून पाहिलं. संपतच्या हातात खरंच शेंग होती. त्यानं ती सोलली आणि दाणे खिशात टाकले. मग म्हणाला, "हौश्या, बस आता खाली. गाडीवाला खोळंबलाय."

आबा खाली बसले. पस्तीस वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं, खांद्यावर घेतलं तेव्हाही नाही.

क्रूझरमध्ये वैष्णवी सगळ्यांत मागं, खिडकीकडं तोंड करून. न्हावऱ्याला वडापाव घेतला तेव्हा तिनं आपला खाल्ला, आबांचाही खाल्ला, आणि तोंड भरलेलं असतानाच करुणाला म्हणाली, "शिबिरात माझ्यासारखी धावनारी नसंल तुला. काय करशील?"

"मोजीन," करुणा म्हणाली. "सातापर्यंत."

वैष्णवी हसली, आणि उरलेला रस्ताभर दोघी एकाच खिडकीत डोकं घालून बसल्या.

पुढं बसलेल्या आबांनी हळूच विचारलं, "संपा, भिंतीवर तुझं बी नाव लिवू या. पेंटरला सांगतो उद्या."

"नाव नगं," संपत म्हणाला. मग त्यानं विचारलं, "येक सांग. तवा तू मला बघितलं व्हतंस का? तिथं हुबा असल्याला?"

आबांना खोटं बोलता आलं असतं. "न्हाई," ते म्हणाले.

"मला वाटायचं, बघितलं व्हतंस आन् सांगितलं न्हाईस." संपतनं काच थोडी खाली केली. "त्येचाच राग व्हता. बघितलंच न्हवतंस म्हंजी, तू नुसता येडा."

"व्हय," आबा म्हणाले, आणि दोघं एवढे हसले की ड्रायव्हरनं गाडी हळू केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर आबांनी वैष्णवीला चुन्याच्या रेषेवर उभं केलं आणि शिट्टी वाजवली. ती धावली. मागून कुणीतरी म्हणालं, "लई सरळ पळतीया. जरा उजवीकडनं घाल तिला, म्हंजी फेकनारी करुणाकडं वळंल." संपत होता. पायाला कांद्याच्या वाफ्यातला चिखल तसाच, चपला बाहेर काढलेल्या, जसं पूर्वी मैदानात येताना दोघं काढत.

आबांनी शिट्टी काढून त्याच्यापुढं धरली. संपतनं ती घेतली नाही. तो चालत मैदानाच्या डाव्या अंगाला गेला, करुणाच्या वाफ्यात, आणि तिथं हात पसरून उभा राहिला.

"आता पळव," तो म्हणाला.